सीसीएनए करायचंय? मग गाईड नीट निवडा!

प्लेसमेंटच्या काळजीने अनेकजण नेटवर्किंगच्या सर्टिफिकेशनकडे वळताहेत. परीक्षेची फी डॉलरमध्ये, पुस्तकं जाडजूड आणि फोनवर फुकट पीडीएफचा पूर. यातून आपल्या कामाचं गाईड ओळखायचं कसं?

‘सीसीएनए करतोय. कुठलं पुस्तक घेऊ?’

कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढाच प्रश्न टाकून बघा. दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडेल. एखादा सीनियर म्हणेल, ‘डोळे झाकून ओडमचे दोन्ही व्हॉल्यूम घे.’ दुसरा म्हणेल, ‘एवढं कोण वाचतं? यूट्यूब बघ.’ कुणीतरी क्लासची जाहिरात फॉरवर्ड करेल, त्यात ‘१०० टक्के पास गॅरंटी’ लाल अक्षरात. आणि थोड्या वेळाने, ग्रुपवर नाही तर पर्सनलवर, एक पीडीएफ येईल. खाली मेसेज: ‘यातलेच प्रश्न येतात. पाठ कर, काम झालं.’

सल्ला देणारे सगळे आपल्या भल्याचंच सांगत असतात. पण प्रत्येकजण स्वतःला जे चाललं ते सांगतो. तुम्ही कुठे उभे आहात, हे त्यातल्या कुणीच विचारलेलं नसतं. आणि इथे चूक झाली तर ती दोन-तीनशे रुपयांच्या पुस्तकाची चूक राहत नाही.

फी डॉलरमध्ये, चिंता रुपयांत

आधी थोडी पार्श्वभूमी. सीसीएनए म्हणजे ‘सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट’. राउटर आणि स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीने १९९८ मध्ये ही परीक्षा सुरू केली. नेटवर्क सपोर्ट, नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर, डेटा सेंटर अशा ठिकाणी एंट्री लेव्हलच्या जॉबसाठी आजही हे नाव रेझ्युमेवर बघितलं जातं.

आत्ताच त्याची एवढी चर्चा का? कारण कॅम्पसमधलं चित्र बदललंय. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसमधल्या कर्मचाऱ्यांची संख्या १३ हजारांहून जास्त घटली आणि इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी. ज्या कंपन्या एकेका कॉलेजातून शेकड्याने मुलं उचलायच्या, त्यांचंच असं झाल्यावर ‘डिग्री आहे, बाकी कंपनी शिकवेल’ हा भरवसा डळमळला. मग डिग्रीच्या जोडीला काहीतरी हवं, म्हणून सर्टिफिकेट.

पण त्याची किंमत बघा. सीसीएनएची फी आहे ३०० डॉलर, वर कर वेगळा. फेब्रुवारी २०२० मध्ये आत्ताची परीक्षा सुरू झाली तेव्हा डॉलर साधारण ७१-७२ रुपयांना होता, म्हणजे फी साडेएकवीस हजारांच्या आसपास. २०२५ मध्ये डॉलर ८५ च्या पुढे गेला आणि तीच फी साडेपंचवीस हजारांच्या वर पोचली. डॉलरमध्ये आकडा तोच, पण आपल्या खिशातून चार हजार जास्त. कर धरला नाही तरी. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण पुन्हा पूर्ण फी भरून. कितीतरी घरांत दुसऱ्यांदा फी मागायची सोयच नसते.

म्हणून ‘कुठलं गाईड’ हा प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही.

शब्द एक, गाईडं दोन

‘गाईड’ म्हटलं की आपल्याला दहावी आठवते. धड्याखालच्या स्वाध्यायाची तयार उत्तरं म्हणजे गाईड. परीक्षा तोंडावर आली की अपेक्षित प्रश्नांचा संच. पुढे इंजिनीअरिंगला किंवा बीएस्सी आयटीला आलो की त्याची जागा ‘लोकल ऑथर’ घेतो. टॅनेनबॉम आणि फरोझान लायब्ररीच्या कपाटात, आपल्या हातात मात्र मागच्या पाच वर्षांचे सोडवलेले पेपर. ‘ओएसआय मॉडेलचे सात लेयर आकृतीसह स्पष्ट करा’ हे येणार म्हणजे येणारच. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पेपर ज्या पद्धतीने निघतो, अभ्यासही त्याच पद्धतीने होतो.

सीसीएनएचा पेपर त्या पद्धतीने निघत नाही. वेळ १२० मिनिटं, परीक्षा कॉम्प्युटरवर. ‘नेक्स्ट’ दाबलं की मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. त्यामुळे ‘हा अवघड आहे, शेवटी बघू’ ही आपली जुनी सवय इथे चालत नाही. पर्याय निवडायचे प्रश्न असतात, जोड्या लावायचे असतात, आणि लॅबचेही असतात. लॅब म्हणजे स्क्रीनवर राउटर-स्विचची जुळणी देतात आणि तुम्ही कमांड टाकून ते कॉन्फिगर करायचं. पास व्हायला किती मार्क लागतात हे सिस्को जाहीर करत नाही. म्हणजे एखादं युनिट ‘ऑप्शनला टाकून’ काठावर निघायचा हिशेबही मांडता येत नाही.

अशा परीक्षेला उत्तरं देणारं गाईड पुरत नाही. प्रश्न बदलला तरी हात चालले पाहिजेत, एवढं शिकवणारं गाईड लागतं. दुकानात मात्र दोन्ही ‘गाईड’ याच नावाने मिळतात.

पहिलं गाईड फुकट आहे

कुठलंही पुस्तक घ्यायच्या आधी सिस्कोच्या साइटवरून परीक्षेच्या विषयांची अधिकृत यादी उतरवून घ्या. पैसे लागत नाहीत, आणि निम्मे लोक हे करतच नाहीत. यादीत सहा भाग आहेत. नेटवर्कच्या मूलभूत गोष्टींना २० टक्के, स्विचिंग, व्हीलॅन आणि वायफाय येतात त्या नेटवर्क अॅक्सेसला २० टक्के, राउटिंगला म्हणजे आयपी कनेक्टिव्हिटीला सगळ्यात जास्त २५ टक्के, डीएचसीपी-नॅटसारख्या सर्व्हिसेसना १०, सिक्युरिटीला १५ आणि ऑटोमेशनला १०.

या यादीची प्रिंट काढा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: येतं, ऐकलंय, माहीत नाही. अर्ध्या तासात तुमचं स्वतःचं चित्र समोर येईल. ज्याला सबनेटिंग येतं पण कधी स्विचला हात लावलेला नाही, आणि जो हार्डवेअरच्या दुकानात काम करता करता केबल क्रिम्प करायला शिकला पण बायनरीला घाबरतो, त्या दोघांना एकच पुस्तक कसं चालेल?

कव्हरवरचा नंबर वाचा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघण्यात मजा असते. पण सीसीएनएच्या पुस्तकाला हात घालताना आधी कव्हरवरचा परीक्षेचा नंबर शोधा. ‘आयसीएनडी १’, ‘आयसीएनडी २’ किंवा ‘२००-१२५’ असं दिसलं तर ते पुस्तक २४ फेब्रुवारी २०२० च्या आधीच्या परीक्षेचं आहे. त्या दिवशी सिस्कोने दोन टप्प्यांत देता येणारी जुनी पद्धत बंद केली, सीसीएनएच्या सिक्युरिटी, वायरलेस वगैरे वेगवेगळ्या शाखाही आवरत्या घेतल्या आणि ‘२००-३०१’ ही एकच परीक्षा ठेवली. जुन्या पुस्तकात ऑटोमेशनचा भाग जवळजवळ नसतोच. उलट आता गरज नसलेली बरीच पानं त्यात असतात.

एवढ्यावर थांबू नका. २० ऑगस्ट २०२४ पासून २००-३०१ चाच सिलॅबस १.० वरून १.१ झाला. नंबर तोच राहिला, आत मात्र काही गोष्टी बदलल्या. नेटवर्क चालवताना जनरेटिव्ह आणि प्रेडिक्टिव्ह एआयचा उपयोग कसा होतो, हा मुद्दा आला. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटमध्ये पपेट आणि शेफ गेले, अॅन्सिबलच्या जोडीला टेराफॉर्म आलं. दुकानात पुस्तक हातात असताना तपासायची सोपी युक्ती: मागची सूची उघडा आणि टेराफॉर्म शोधा. सापडलं नाही तर पुस्तक १.० चं आहे.

म्हणून ते टाकाऊ झालं का? अजिबात नाही. राउटिंग, स्विचिंग, सबनेटिंग, एसीएल हा मोठा भाग तसाच आहे. सीनियरकडून २००-३०१ ची पहिली आवृत्ती फुकटात किंवा निम्म्या किमतीत मिळत असेल तर खुशाल घ्या. फक्त अधिकृत यादीशी ताडून बघा आणि जे नाही ते दुसरीकडून वाचा. वाचलेल्या पैशांत फीला हातभार लागेल.

कुठलं पुस्तक कुणासाठी?

सगळ्यात जास्त नाव निघतं ते वेंडेल ओडम यांच्या ‘ऑफिशियल सर्ट गाईड’चं. सिस्को प्रेसचे दोन खंड, मिळून हजाराहून जास्त पानं. १.१ साठीची दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. खोली विचाराल तर उत्तम. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला ‘हे तुम्हाला आधीच येतं का?’ असं विचारणारी छोटी चाचणी असते. ती प्रामाणिकपणे दिली तर आधीपासून येणारे भाग भराभर उरकता येतात. अडचण एकच, पुस्तक जड आहे. रोज तास-दीड तास नेमाने बसायची तयारी नसेल तर पहिल्या खंडाच्या पाचव्या धड्यात बुकमार्क अडकून पडतो.

टॉड लॅमली यांचं सायबेक्सचं पुस्तक गप्पा मारत शिकवतं. इंग्रजी सोपं, विनोद भरपूर. डिप्लोमा करून आलेल्या किंवा बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना सुरुवात करायला हे पुस्तक जास्त जवळचं वाटू शकतं. खोलात जायला पुढे जोड लागते.

वाचून डोक्यात शिरत नाही, बघून शिरतं, असं असेल तर ‘जेरेमीज आयटी लॅब’ हा यूट्यूबवरचा पूर्ण कोर्स फुकट आहे, सोबत सरावासाठी लॅबच्या फाइल्सही. तो शिकवणारे जेरेमी मॅकडॉवेल यांचं दोन खंडांचं पुस्तकही २०२४ मध्ये आलंय. त्यातला धोका तुम्हाला माहीत आहेच: दीडपटीच्या वेगाने व्हिडिओ बघितले की सगळं समजल्यासारखं वाटतं. कमांड टाकायची वेळ आली की हात थांबतो.

म्हणून यातलं काहीही घेतलं तरी सोबत पॅकेट ट्रेसर हवाच. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. तुमचं कॉलेज या अकॅडमीशी जोडलेलं आहे का, हे एकदा एचओडींना जाऊन विचारा. अकॅडमीचे सीसीएनएचे तिन्ही कोर्स नीट पूर्ण करणाऱ्यांना परीक्षेच्या फीमध्ये सवलतीचं व्हाउचर मिळवायची सोय आहे. अटी मात्र कोर्स सुरू करायच्या आधी वाचा, नंतर नाही.

वीस मिनिटांची परीक्षा, पुस्तकाची

दोन पुस्तकांत गोंधळ होतोय? मग पुस्तकाचीच परीक्षा घ्या. लायब्ररीत किंवा मित्राकडे दोन्ही मिळवा आणि दोन्हींतला सबनेटिंगचा भाग वीस-वीस मिनिटं वाचा. मग पुस्तक मिटून हा प्रश्न सोडवा: एका कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१०.७७/२६ आहे. त्याचा नेटवर्क अॅड्रेस काय, ब्रॉडकास्ट काय, आणि त्या सबनेटमध्ये किती मशिन्सना पत्ते देता येतील?

/२६ म्हणजे शेवटच्या आठ बिटांतले सहा बिट मशिन्ससाठी उरले. दोनाचा सहावा घात ६४, म्हणून सबनेट ६४-६४ च्या उड्या मारत जातात: ०, ६४, १२८, १९२. आपला ७७ हा ६४ आणि १२८ च्या मध्ये पडतो. नेटवर्क अॅड्रेस १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट १९२.१६८.१०.१२७. हे दोन बाजूला काढले की वापरायला उरले ६२ पत्ते.

ज्या पुस्तकानंतर तुम्ही हे स्वतःच्या शब्दांत शेजारच्याला समजावू शकलात, ते तुमचं पुस्तक. ज्यानंतर फक्त तक्ता आठवत राहिला, ते दुसऱ्या कुणासाठी चांगलं असेल, तुमच्यासाठी नाही. लेखकाचं नाव किती मोठं आहे, यापेक्षा ही चाचणी जास्त खरं सांगते.

आणि ती पर्सनलवर आलेली पीडीएफ?

तिला ‘डम्प’ म्हणतात. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून किंवा चोरून जमवलेले प्रश्न आणि कुणीतरी लिहिलेली उत्तरं. ही उत्तरं कुणी तपासलेली नसतात. शिवाय परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही, हा करार आपण मान्य केलेला असतो. गैरप्रकार सिद्ध झाला तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते.

हे सगळं माहीत असूनही मुलं डम्पकडे का वळतात? ‘आळशी पिढी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण घरून एकदाच पंचवीस हजार मिळणार, दुसरा चान्स नाही, अशा वेळी ‘नक्की पास’ हा शब्द कुणालाही खेचतो. काही क्लासेसचं तर सगळं मार्केटिंगच किती जण पास झाले या आकड्यावर चालतं. किती जणांना काम आलं, हा आकडा फ्लेक्सवर लागत नाही. फी जितकी महाग, तितका शॉर्टकटचा मोह मोठा. हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही.

फक्त त्याची किंमत विद्यार्थीच मोजतो. इंटरव्ह्यूमध्ये समोरचा माणूस डम्पमधला प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, ‘दोन स्विच आहेत. दोन्हींवर एकाच व्हीलॅनमधला एकेक पीसी आहे. पिंग जात नाही. काय बघशील?’ ज्याने पॅकेट ट्रेसरवर हे वीसदा बिघडवून दुरुस्त केलंय, तो म्हणेल, ‘आधी दोन्ही पीसींचे आयपी आणि मास्क बघेन. मग तो व्हीलॅन दोन्ही स्विचवर आहे का, आणि मधला ट्रंक चालू असून त्यावर त्या व्हीलॅनला परवानगी आहे का.’ ज्याने पर्याय ‘क’ पाठ केलाय, त्याच्याकडे इथे पर्यायच नसतात. सर्टिफिकेट हातात आणि उत्तर नाही, हे नुसतं सर्टिफिकेट नसण्यापेक्षा वाईट दिसतं. कारण आता शंका तुमच्या ज्ञानावर राहत नाही, प्रामाणिकपणावर जाते.

घाई कशाला?

एक गोष्ट क्लासवाले फारशी सांगत नाहीत. सीसीएनएची मुदत तीन वर्षं असते. नंतर पुन्हा परीक्षा द्या किंवा कंटिन्युइंग एज्युकेशनचे क्रेडिट मिळवा. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये सेकंड इयरच्या शेवटी परीक्षा दिली तर डिग्री हातात येईपर्यंत दोन वर्षं संपलेली असतात. शिकायला सेकंड इयरलाच सुरुवात करा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. फी मात्र शेवटच्या वर्षी भरा, नोकरीसाठी अर्ज करायच्या सुमारास. ‘आधी तारीख बुक कर, मग आपोआप अभ्यास होतो’ हा सल्ला नोकरी करणाऱ्यांसाठी ठीक असेल. आई-बाबांच्या पैशांवर हा प्रयोग नको.

पुस्तक घ्यायच्या आधी एवढं करा

१. अधिकृत विषययादी उतरवा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा.

२. कव्हरवर २००-३०१ आणि सूचीत टेराफॉर्म आहे का, बघा.

३. दोन पुस्तकांतला एकच धडा वाचून सबनेटिंगची चाचणी घ्या.

४. मुख्य पुस्तक एकच ठरवा. सोबत पॅकेट ट्रेसर आणि सरावाच्या प्रश्नांचा एक चांगला संच. चार पुस्तकं घेणारा चारही अर्धवट सोडतो.

५. कुठल्याही गाईडवर किंवा क्लासच्या जाहिरातीवर ‘पास गॅरंटी’ दिसली, तर विचारा: नापास झालो तर फी कोण भरणार?

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी विचारलं ‘कुठलं पुस्तक घेऊ?’, तर पुस्तकाचं नाव सांगायच्या आधी त्याला एक प्रश्न टाका: ‘तुझी यादी भरलीस का?’ आणि पर्सनलवर ती पीडीएफ आली असेल, तर पुढे पाठवू नका.